मांडणं आणि उतरवणं

सोमवारची संध्याकाळ होती, सात वाजून गेले होते. काळा घोड्याजवळच्या एका दालनात आठवडाभर चाललेलं प्रदर्शन संपलं होतं. मंगळवारी सकाळी तिथं दुसऱ्या कुणाची तरी चित्रं लागायची होती, त्यामुळे रात्रीच दालन रिकामं करून द्यायचं होतं. चित्रकाराचे दोन भाचे आणि टेम्पोवाल्याबरोबर आलेला एक पोरगा मिळून चित्रं उतरवत होते. बबल रॅपवर चिकटपट्टी ओढल्याचा कर्कश आवाज दर मिनिटाला उठत होता. टेबलावर अभिप्रायाची वही उघडी पडली होती आणि त्या पानावर एकाखाली एक चार वेळा ‘छान’ असं लिहिलेलं होतं. या पसाऱ्याच्या मधोमध चित्रकार आणि त्याच्या प्रदर्शनाची क्युरेटर उभ्याउभ्या वाद घालत होते. दारातून आत आल्याआल्या समोर कोणतं चित्र दिसायला हवं होतं, हा वादाचा विषय. त्याच्या मते मोठं निळं. तिच्या मते कोपऱ्यातलं, शाळेतल्या पाटीएवढं, करडं. एव्हाना निळं आणि करडं दोन्ही गुंडाळून टेम्पोत चढली होती. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. त्या भोकांकडे बोट दाखवून दोघं एकमेकांना पटवत होते आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

तेव्हा मला हसू आलं होतं. वरातीमागून घोडं आणण्यातलाच हा प्रकार, असं वाटलं होतं. आज ही प्रस्तावना लिहायला बसल्यावर वाटतं, त्या वादाला तीच वेळ योग्य होती.

चित्र टिकतं. विकलं गेलं तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात, नाही विकलं तर चित्रकाराच्या माळ्यावर. त्याचं माप, माध्यम, साल कुठंतरी लिहिलेलं असतं. प्रदर्शनाचं तसं नसतं. ते उतरवलं की संपलं. कोणतं चित्र कुणाच्या शेजारी होतं, कोणत्या दोन चित्रांमध्ये मुद्दाम हातभर भिंत रिकामी ठेवली होती, कोणतं चित्र आदल्या रात्री परत गुंडाळून ठेवलं, हे छापील कॅटलॉगमध्ये येत नाही, कारण कॅटलॉग प्रदर्शन लागण्याआधीच छापून झालेला असतो. नाटकाची संहिता उरते आणि प्रयोग हवेत विरतो, तसंच हे. फरक एवढाच, की गाजलेल्या प्रयोगांबद्दल मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला आहे. न पाहिलेल्या प्रयोगातला प्रवेशही आपण ऐकीव आठवणीवर रंगवून सांगतो. प्रदर्शनाच्या बाबतीत ही सवय आपल्याला लागली नाही. ‘शिल्पकार चरित्रकोश’ या मालिकेतला दृश्यकला खंड सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केला, तेव्हा चित्रकार-शिल्पकारांच्या नोंदींचं फार मोठं काम मराठीत उभं राहिलं. पण चरित्रकोश व्यक्तींचाच असणार. प्रदर्शनाला त्यात कुणाच्या तरी आयुष्यातल्या एका ओळीपुरती जागा मिळते.

या पुस्तकात चित्रकार आणि क्युरेटर प्रदर्शनांविषयी बोलतात. चित्रांविषयी बोलतातच, पण चित्रं एका खोलीत एकत्र आल्यावर काय झालं याविषयी अधिक. म्हणून आधी त्या एकत्र येण्याला आपण काय म्हणतो, ते पाहू.

मराठीत त्याला नेमका शब्द आहे : मांडणी. जुन्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून जी लाकडी किंवा लोखंडी फळ्यांची चौकट असायची, तिलाही मांडणीच म्हणत. तिच्यावर डबे उतरत्या भाजणीत लागलेले, पितळी भांडी घासूनपुसून पालथी घातलेली, रोज लागणारं हाताशी आणि सणावारी लागणारं वर. बाहेरचं माणूस आत आलं की मांडणीकडे एक नजर टाकून घर ओळखायचं. विद्वानांच्या सभेत वक्ता आपला विचार क्रमानं सांगतो, त्यालाही मांडणीच म्हणतात. ‘त्यांची मांडणी पटली नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा डब्यांबद्दल बोलत नसतो. वस्तू रचणं आणि मुद्दा रचणं या दोहोंना एकच शब्द देऊन मराठीनं प्रदर्शन म्हणजे काय ते आयतंच सांगून ठेवलं आहे. भिंतीवर चित्रांचा क्रम लावणारा माणूस काहीतरी म्हणत असतो. एक चित्र इथून उचलून तिथं लावलं की त्याचं म्हणणं बदलतं.

हे काम करणाऱ्याला काय म्हणायचं, यावर मात्र एकमत नाही. सरकारी संग्रहालयांत ‘अभिरक्षक’ हे पद असतं. शब्द भारदस्त आहे आणि कामाचं वर्णनही त्यात चोख आहे : ठेवा सांभाळायचा, वाळवीपासून आणि दमट हवेपासून वाचवायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा. वृत्तपत्रांतल्या कलासमीक्षेनं ‘गुंफणकार’ असा दुसरा शब्द चालवून पाहिला. त्यात हार गुंफल्याचा भास आहे आणि तो मला आवडतो, कारण हारात दोराही लागतो आणि दोरा दिसता कामा नये. इन्स्टॉलेशनसाठी ‘मांडणशिल्प’ हा शब्द बराच रुळला, तसा ‘गुंफणकार’ रुळला नाही. बोलताना सगळे ‘क्युरेटर’च म्हणतात, या पुस्तकातही तोच शब्द आहे. पण वाचताना अभिरक्षक आणि गुंफणकार हे दोन्ही शब्द मनात असू द्यावेत. जपणारा आणि ओवणारा यांची कामं वेगळी आहेत, आणि इथली निम्मी भांडणं एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा केल्यामुळे झालेली आहेत.

मुंबईत बराच काळ असा मधला माणूस नव्हताच. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांनी शहराला चित्रं पाहण्याची सवय लावली. तिथं निवड करणारी समिती असे, पदकं असत. चित्रकार धुरंधरांना १८९५ मध्ये सुवर्णपदक मिळालं, अमृता शेरगिलला १९३७ मध्ये. चित्र उत्तम की मध्यम, हा तिथला प्रश्न. शेजारी काय लावलंय, याला फारसं महत्त्व नव्हतं. १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनं आपलं पहिलं प्रदर्शन त्याच सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात भरवलं. गोव्यातल्या साळगावचा सूझा, रझा, आरा, हुसेन, विदर्भातला गाडे, शिल्पकार बाकरे असे सहा जण. मुल्कराज आनंदांनी उद्‌घाटन केलं. कॅटलॉगमधलं घणाघाती निवेदन सूझानं स्वतःच लिहिलं. क्युरेटर कुणी नव्हता आणि त्याची उणीवही कुणाला भासली नसणार, कारण सहा जणांनी एकत्र येणं हीच मांडणी होती. जुन्या सोसायटीच्या भिंतीवर नव्यांनी येऊन बसायचं, एवढ्यात सगळं म्हणून झालं होतं.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेली ही वास्तू व्हावी म्हणून के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांनी पाठपुरावा केला होता. चित्रकारांनी दालन भाड्यानं घ्यायचं, स्वतः चित्रं लावायची, आठवडाभर खुर्ची टाकून बसायचं, ही मुंबईची खास रीत इथं पक्की झाली. आमंत्रणपत्रिका छापणारा, फ्रेमवाल्याकडे खेटे घालणारा, पाहुण्यांना चहा विचारणारा आणि ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाला तोंड देणारा माणूस एकच, तो म्हणजे चित्रकार. दोन वर्षांनी याच गॅलरीत अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ मालिकेतल्या चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा आक्षेप घेतला, ती उतरवायला सांगितलं. पदमसींनी नकार दिला, खटल्याला उभे राहिले आणि निर्दोष सुटले. आज असा प्रसंग आला तर क्युरेटर, गॅलरी आणि वकील यांच्यात आधी चार बैठका होतील. तेव्हा उतरवायचं की नाही, हे चित्रकाराला एकट्यानं उभ्याउभ्या ठरवावं लागलं. ‘उतरवणं’ या साध्या क्रियापदाला दुसराही अर्थ आहे, हे त्या दिवशी गॅलरीनं पाहिलं.

मधला माणूस आला तो फ्रेमच्या धंद्यातून, हे मला फार मुंबईचं वाटतं. केकू गांधी यांचा ‘केमोल्ड’ हा चौकटी बनवण्याचा व्यवसाय. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाच्या खिडकीत ते तरुण चित्रकारांची चित्रं लावून ठेवत. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. चौकट विकणाऱ्यानं चौकटीतल्या गोष्टीकडे वळावं, यात एक साधा व्यवहारी क्रम आहे. पण चौकट कुठं द्यायची, चित्र कुठं संपवायचं, भिंत कुठून सुरू होऊ द्यायची, हे ज्याला हातानं कळतं त्याला प्रदर्शनाचं निम्मं व्याकरण आधीच कळलेलं असतं.

वळण आलं ते १९८१ मध्ये. ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन मुंबईत जहांगीरमध्ये आणि दिल्लीत रवींद्र भवनात झालं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन हे सहा चित्रकार. सोबत समीक्षक गीता कपूर यांचा दीर्घ निबंध. पुन्हा सहाच, पण १९४९ च्या सहांहून वेगळे. ते एकत्र आले होते माणसाची आकृती चित्रात परत आणण्याच्या एका भूमिकेसाठी, आणि ती भूमिका समीक्षकाशी बोलत, वाद घालत तयार झाली होती. पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. दिवसा माणसांच्या हाडांच्या सावल्या पाहायच्या आणि संध्याकाळी त्याच माणसांना इराण्याच्या हॉटेलात, लोकलच्या डब्यात, पुलावर रंगवायचं. अशा चित्राशेजारी खख्खरांचं बडोद्याचं मध्यमवर्गीय जग ठेवलं की दोन शहरं एकमेकांकडे पाहू लागतात. हे कुणा एका चित्रात नव्हतं, ते मधल्या जागेत घडलं. आपल्याकडे प्रदर्शन मुद्दा म्हणून वाचायला इथून सुरुवात झाली, असं मी मानते.

बाहेरच्या जगात हे भांडण आधीच पेटलं होतं. हाराल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये बर्नला आणि १९७२ मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त प्रदर्शनाची सगळी सूत्रं आपल्या हाती घेतली. तेव्हा दानिएल ब्युरेन या फ्रेंच कलावंतानं लेखी तक्रार केली होती. तिचा आशय असा, की आता प्रदर्शनच कलाकृती होऊ लागलंय आणि आमची चित्रं त्याच्या पॅलेटवरचे रंग. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ही तक्रार जुनी झालेली नाही. या पुस्तकातही ती वेगवेगळ्या शब्दांत भेटेल.

आपल्याकडे मात्र तक्रारीला एक उलटी बाजू आहे आणि ती समजून घ्यायला १९९२ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी हुसेननी जहांगीरमध्ये ‘श्वेतांबरी’ केलं : पांढऱ्या कापडाचे पट्टे लटकवलेले, जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे. चित्र पाहायला आलेल्या माणसाला चित्रच सापडेना. त्याच वर्षी वरच्या मजल्यावर केमोल्डमध्ये नलिनी मलानींनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ केलं. त्यांनी थेट गॅलरीच्या भिंतींवर रेखाटलं. नाथद्वाराची जुनी भित्तिचित्रं देखभालीअभावी नष्ट होत चालली होती, त्याचा संदर्भ या कामाला होता. प्रदर्शनाचे दिवस संपले आणि त्या रेखाटनांवर पांढरा रंग फिरवण्यात आला. विकायला काही उरलं नाही, माळ्यावर ठेवायला नाही, पुढच्या प्रदर्शनाला पाठवायला नाही. वर्षअखेर डिसेंबर उजाडला, त्यानंतरचा जानेवारी आला आणि दंगलींत या शहराचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. विवान सुंदरम यांनी दंगलीत मारल्या गेलेल्या एका माणसाच्या वृत्तछायाचित्राभोवती ‘मेमोरियल’ रचलं. रुमाना हुसेन कॅनव्हास सोडून मांडणशिल्पाकडे आणि स्वतःच्या देहानं करायच्या सादरीकरणाकडे वळल्या. खिळ्यावर टांगता न येणारी कला आली आणि तिला लावायला चित्रकार एकटा पुरेना. वीज कुठून घ्यायची, अंधार किती ठेवायचा, प्रेक्षकानं कुठून आत यायचं, विमा कुणी उतरवायचा, हे पाहणारं कुणीतरी लागलं. म्हणजे आपल्याकडे क्युरेटर वरून लादला गेला असं म्हणणं अर्धंच खरं आहे. चित्रकारांच्या कामानंच त्याला हाक मारली.

मग जागाही आल्या. सर कावसजी जहांगीर हॉल म्हणजे मुंबईच्या सभा आणि मैफलींची जुनी वास्तू. १९९६ मध्ये तिच्या पोटात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. अर्धगोल मजले एकावर एक चढवलेले, वर घुमट. तिथं चित्रं पाहणं म्हणजे जिना चढणं, म्हणून क्युरेटरला कथा मजल्यांत तोडावी लागते आणि घुमटाखाली काय ठेवायचं हे सगळ्यांत आधी ठरवावं लागतं. पटवर्धनांचं सिंहावलोकन २०१९ मध्ये तिथं नॅन्सी अदजानिया यांनी मांडलं. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं आणि तस्नीम झकारिया मेहतांनी मातीच्या बाहुल्या, नकाशे, जुन्या कारागिरीच्या कपाटांशेजारी आजच्या कलावंतांना बोलावलं. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया असे अनेक जण तिथं येऊन गेले.

त्यांतलं एक काम जवळून पाहू. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी या संग्रहालयाच्या दर्शनी भागावर कोळ्याचं प्रचंड जाळं विणलं. खालून पाहिलं तर काळपट दोर लटकल्यासारखे वाटावेत. जवळ गेलं की कळे, ते रबरी शिक्के आहेत, सरकारी कचेरीत टेबलावर आपटतात तसे. शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, साहेबाच्या काळातली नावं, जी पुढं बदलली गेली. पाट्या बदलल्या तरी टॅक्सीवाल्याच्या तोंडी बरीच वर्षं राहिलेली नावं. आता हेच जाळं एखाद्या गॅलरीच्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर लावा. सुंदर दिसेल, कौशल्याचं कौतुक होईल आणि बहुधा तेवढंच होईल. पण ही इमारत १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून उघडली आणि १९७५ मध्ये तिचंच नाव बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावावर झालं. नाव बदललेल्या इमारतीच्या तोंडावर बदललेल्या नावांचं जाळं. तिथं ते टांगताच वस्तूचं विधान झालं. कुठं लावायचं, या एका निर्णयात मांडणीचे दोन्ही अर्थ एकत्र आले.

जागा आली की जागेचा मालकही येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन जेसल ठाकर यांनी मांडलं. बरवे म्हणजे साध्या एनॅमल रंगांतून पान, घड्याळ, पेअर, टाचणी अशा वस्तूंना मोकळ्या अवकाशात सोडून देणारे चित्रकार, आणि १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक लिहून चित्र होण्याआधीच्या मनाबद्दल बोलणारे लेखकही. त्या उद्‌घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त झाल्या, यापुढं काय दाखवायचं हे मुंबईतल्या कलावंतांऐवजी दिल्लीत ठरणार, यावर ते टीका करू लागले तेव्हा त्यांना मध्येच थांबवून प्रदर्शनाबद्दलच बोलायला सांगण्यात आलं. ही बातमी देशभर झाली आणि बरव्यांची चित्रं मागं पडली, याचं मला वाईट वाटतं. पण भिंतीवर काय लागणार हे कोण ठरवतं, हा प्रश्न प्रदर्शनाबाहेरचा आहे असं म्हणायला मन घेत नाही. कोऱ्या कॅनव्हासची काळजी वाहिलेल्या चित्रकाराच्या प्रदर्शनात कोऱ्या भिंतीचा मालक कोण, असं विचारलं गेलं. याहून विषयाला धरून काय असू शकतं?

सरकार नको, गॅलरी नको, मग कलावंतांनीच मांडावं, असा एक मार्ग केरळात निघाला. त्याचे दोन्ही जनक मुंबईत घडलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. बोस कृष्णम्माचारी आणि रियाज कोमू यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी कोची-मुझिरिस बिनाले सुरू केली. समुद्राकाठच्या जुन्या व्यापारी वखारी हीच दालनं. तेव्हापासून तिथं क्युरेटर म्हणून कलावंतालाच नेमायची प्रथा आहे : जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, शुभिगी राव, आणि सहाव्या खेपेला गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेससह निखिल चोप्रा. पण कलावंत क्युरेटर झाला म्हणजे भांडण मिटतं, असं नाही. २०२२ ची बिनाले ठरल्या दिवशी उघडू शकली नाही, ती २३ डिसेंबरवर गेली. सहभागी कलावंतांनी खुलं पत्र लिहून कामं वेळेत न पोचल्याची, पावसाची, विजेची आणि कारभारातल्या अपारदर्शकतेची गाऱ्हाणी जाहीर मांडली. शेवटी छप्पर गळतं की नाही, हाही सौंदर्यशास्त्राचाच प्रश्न ठरतो.

परदेशातल्या मांडण्या आपल्याबद्दल काही सांगतात, त्यांतली एक इथं आणते. गिरगावातल्या चाळीत वाढलेले, पुढं दिल्लीत निजामुद्दीनला एकट्यानं राहिलेले वासुदेव गायतोंडे. वर्षाकाठी मोजकी चित्रं, बहुतेकांना शीर्षक नाही, बोलणं जवळजवळ नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये संधिनी पोद्दार यांनी त्यांचं सिंहावलोकन मांडलं, तेव्हा जगाला हा चित्रकार ‘सापडला’. मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक अंकाचे संपादक सतीश नाईक यांनी त्याआधीपासून गायतोंड्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी जिद्दीनं गोळा केल्या होत्या. दोन्ही कामं क्युरेटरचीच. एकानं भिंतीवर शांतता राखली, दुसऱ्यानं कागदावर माणसांना बोलतं केलं. गायतोंडे पाहायला दोन्ही लागतात, पण आपल्याकडे पहिल्याची बातमी होते आणि दुसऱ्याचा अंक रद्दीत सापडतो.

आणि एक मांडणी अशी, जिच्याबद्दल मुंबईत फारसं बोललं जात नाही. २००८-०९ मध्ये सुधीर पटवर्धनांनी समकालीन भारतीय कलेचं ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रभर फिरवलं. नागपूर, अमरावती, औरंगाबाद, सोलापूर, कोल्हापूर, पुणे, नाशिक. यांतल्या बहुतेक ठिकाणी दालन असं नव्हतंच. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय, नाशकात सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह, कुठं नाट्यगृहाला जोडलेली जागा. ज्या सभागृहात काल पुस्तक प्रकाशन झालं आणि उद्या वधू-वर मेळावा आहे, तिथं मूळ चित्रं आणून लावायची म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पंखा चित्रावर येतो, ट्यूबलाइट काचेत चमकते, खिळा मारायला परवानगी नाही. ज्याला मुंबईत ‘डिस्प्ले’ म्हणतात ते तिथं दोरी, पाणसळ आणि व्यवस्थापकांची मनधरणी यांतून घडतं. क्युरेटरचं काम कशासाठी, हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी व्हेनिसच्या बिनालेचं नाव घेणार नाही, सोलापूरचं घेईन.

आता हे पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. ही बोलणी आहेत, मुलाखती नव्हेत. बोलताना माणसं मराठीतून इंग्रजीत घसरतात आणि हिंदीतून परत येतात. ज्येष्ठांना ‘सर’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात त्यांचं म्हणणं खोडून काढतात. त्यावर इस्त्री फिरवलेली नाही. दोन ठिकाणी कान टवकारून ऐकावं. पहिलं, वगळण्याबद्दल बोलणं चालू असेल तिथं. प्रदर्शनात काय लावलं हे सगळे सांगतात, काय लावलं नाही हे सांगताना आवाज बदलतो. पैसे कमी पडले, संग्राहकानं चित्र दिलं नाही, भीती वाटली, की चित्र खरंच कमअस्सल होतं, हे तिथं उलगडतं. दुसरं, भिंतीवरच्या मजकुराबद्दल. आपल्या दालनांत हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, तोही असा की इंग्रजी शाळेत शिकलेल्यानंही दोनदा वाचावा. मराठीत लावला तर तो त्याचं शब्दशः भाषांतर असतो. ‘अवकाशाची पुनर्चौकशी’ असलं काहीतरी वाचून माणूस चित्राकडे न बघता चहाकडे वळतो. चित्रकार हेच एकमेकांशी बोलताना सोपं बोलतात. ‘इथं डोळा अडकतोय’, ‘हे चित्र शेजारच्याला खातंय’, ‘भिंतीला जरा श्वास घेऊ दे.’ भिंतीवरचा मजकूर या भाषेत का नसावा? या संवादांतून कुणा तरुण क्युरेटरला तेवढं जरी सुचलं, तरी पुस्तकाचा खर्च वसूल झाला.

पैशांचा प्रश्न या पुस्तकात वारंवार येतो आणि तो यायलाच हवा. मात्र लिलावातल्या कोटींच्या आकड्यांत मला रस नाही. त्यापेक्षा दालनाचं भाडं, फ्रेमवाल्याची उधारी, क्युरेटरला मानधन मिळालं की नुसतं नाव, हे तपशील जास्त बोलके आहेत.

पुन्हा त्या सोमवारकडे येते. टेम्पो निघून गेला. दालनाचा माणूस हातात पत्र्याची पट्टी आणि डब्यात लांबी घेऊन आला आणि एकेक भोक बुजवू लागला. सकाळपर्यंत भिंत पुन्हा कोरी व्हायला हवी होती. वाद घालून दमलेल्या त्या क्युरेटरनं त्याला हातानं थांबवलं. पिशवीतून टेप काढला. एक टोक चित्रकाराच्या हाती दिलं आणि दारासमोरच्या भिंतीवरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून अभिप्रायाच्या वहीत, चार वेळा ‘छान’ लिहिलेल्या पानाखाली लिहून ठेवलं. मग खाली त्याचं म्हणणं लिहिलं, त्याखाली तिचं. लांबीवाला तोवर डबा धरून उभा होता.